साडेतीनशेचे लोखंड

संपादकांचा दरवर्षीचा निरोप ठरलेला : "दिवाळी अंक आहे. या खेपेला काहीतरी हलकेफुलके लिहा." मी दरवर्षी 'बरे' म्हणतो आणि शेवटी माझ्या लोखंडापाशीच येऊन बसतो. आता लोखंड हलके कसे करणार? घनमीटरला ७,८५० किलो हे त्याचे वजन. ते शिमग्याला तेवढेच आणि दिवाळीलाही तेवढेच. तेव्हा फराळाचे ताट जरा बाजूला सारून घटकाभर हा जड पदार्थही चाखून पाहावा, एवढीच विनंती.

निमित्त झाले ते एका पत्राचे. गेल्या उन्हाळ्यात एका वाचकांनी लिहिले होते. गृहस्थ निवृत्त आहेत. जन्मभराची पुंजी घालून राहत्या घरावर एक मजला चढवावा, मुलगा-सून परत गावी येऊन राहतील, असा त्यांचा मनसुबा. खालच्या भिंती जुन्या, म्हणून वर पोलादी सांगाडा करायचे ठरले. दोन कंत्राटदार आले. एकाने 'ई २५०' प्रतीचे पोलाद सांगितले. दुसरा म्हणाला, "ते जुने झाले, आम्ही ई ३५० वापरतो. लोखंड कमी लागेल, पैसे वाचतील, शिवाय घर जास्त मजबूत." दोघांची अंदाजपत्रके सोबत जोडली होती आणि शेवटी लिहिले होते, '२५० चांगले की ३५०, हे कृपया एका शब्दात कळवावे.'

एका शब्दात उत्तर देण्याची चूक मी पूर्वी एकदा केलेली आहे. तो शब्द होता 'घाला'. त्याची हकीकत सांगणारच आहे. पण आधी हे २५० आणि ३५० म्हणजे आहे तरी काय, ते पाहू.

पोलादाची एक कांब दोन्ही टोकांना धरून यंत्रात ओढली, तर ती किंचित लांबते. सोडली की पुन्हा मूळ मापावर येते. ओढ वाढवीत नेली की एक घटका अशी येते की कांब 'आता पुरे' म्हणते. त्यानंतर सोडली तरी ती पूर्ववत होत नाही, लांबलेली ती लांबलेलीच राहते. या मर्यादेला आमच्या धंद्यात यील्ड म्हणतात. भारतीय मानक २०६२ यात 'ई २५०' असे नाव दिलेल्या पोलादाने दर चौरस मिलिमीटरला निदान २५० न्यूटन ओढ येईपर्यंत हार मानता कामा नये. न्यूटन हा शब्द परका वाटत असेल तर असे समजा, की खसखशीच्या दाण्याएवढ्या जागेला पंचवीस किलो तांदळाचे पोते टांगले. ई ३५० ने पस्तीस किलो पेलावे. याच मानकात पुढे ४१०, ४५०, ५५० अशी चढती भाजणी ६५० पर्यंत जाते. युरोपात एस २३५, एस २७५, एस ३५५ म्हणतात. अमेरिकेतल्या जुन्या ए ३६ मधला छत्तीसचा आकडा पौंड-इंचांतला, आपल्याकडे आणला की तोही २५० च्या घरात येतो. नावे निरनिराळी, गोत्र एकच.

पण या नावांनी घोळ किती घालावा! आज ज्याला आपण ई २५० म्हणतो, तेच साधे पोलाद १९७५ च्या मानकात 'एसटी ४२-एस' या नावाने नांदत होते. तो बेचाळीसचा आकडा यील्डचा नव्हे. कांब तुटेपर्यंत जी सर्वांत मोठी ओढ सोसते तिचा, आणि तोही किलोत. पुढे किलो जाऊन न्यूटन आले, तेव्हा त्याच पोलादाचे 'एफई ४१०' झाले. आणि २००६ सालच्या आवृत्तीत तुटण्याचा आकडा मागे पडून यील्डचा आकडा नावात आला, तेव्हा ते 'ई २५०' झाले. एकाच मुलीचे तीनदा नाव बदलावे तसा हा प्रकार. बरे, आता 'ई ४१०' नावाचे एक निराळेच, पुष्कळ कणखर पोलाद मानकात आहे. म्हणजे जुन्या नकाशातले 'एफई ४१०' आणि आजचे 'ई ४१०' यांत चुलत-चुलत नातेसुद्धा नाही. एका कामावर जुना नकाशा पाहून एका तरुण पोराने नेमके हेच केले. ४१० वाचले नि ४१० मागविले. पत्रे महाग आले ते आलेच. पण वेल्डरने आपल्या नेहमीच्या काड्यांनी नेहमीसारखे जोड मारले आणि तपासणीत जोडांच्या कडेला तडे निघाले. कारण पोलाद कणखर करायचे म्हणजे त्यात कार्बन, मँगॅनीज वगैरे मसाला थोडा चढवावा लागतो, आणि मसाला चढला की वेल्डिंगला ते हट्टी होते. या हट्टीपणाचेही एक माप आहे, कार्बन इक्विव्हॅलंट नावाचे : ई २५० ला जास्तीत जास्त ०.४२, ई ३५० ला ०.४७, ई ४१० ला ०.५०. आकडे दिसायला जवळजवळचे आहेत, पण जाड पत्र्याच्या वेल्डरला तो फरक हाताला कळतो. आधी पत्रा शेकवून घ्या, काड्या कोरड्या ठेवा, जोड सावकाश निवू द्या, अशी सगळी बाळंतिणीची पथ्ये सुरू होतात.

आता ती 'घाला'ची हकीकत.

तळकोकणातल्या एका शाळेसाठी वाचनालयाचा दिवाणखाना बांधायचा होता. खाली सहावी-सातवीचे दोन वर्ग, वर पुस्तकांची कपाटे आणि बसून वाचायला लांबलचक जागा. वर्गणी मुंबईच्या चाकरमान्यांनी गणपतीत गावी आल्यावर जमा केलेली. पै-पैचा हिशेब फळ्यावर लिहिलेला. नकाशे मी विनामूल्य करून दिले. २०१३ सालची ही गोष्ट. सात मीटर लांबीच्या आडव्या तुळया, दर दोन मीटरला एक. त्यावर पत्रा, पत्र्यावर काँक्रीट. तुळई धरली होती ३५० मिलिमीटर उंचीची, पोलाद ई २५०. हिशेब चोख होता. अगदी मुख्याध्यापिकाबाईंनी मागितला असता तर त्यांनाही समजावून देता आला असता इतका सरळ.

काम सुरू झाले तेव्हा मी पुण्याला पुतणीच्या लग्नात. अक्षता पडायच्या बेतात असताना कंत्राटदाराचा फोन आला. मनुष्य प्रामाणिक, आजही माझे त्याच्याविषयी तेच मत आहे. म्हणाला, "साहेब, साडेतीनशेची तुळई बाजारात नाही, महिना लागेल. पावसाळा तोंडावर आहे. पण तीनशेची तुळई साडेतीनशेच्या लोखंडात मिळते आहे. चालेल का?" मांडवात सनईचा कल्लोळ. मी खिशातून अहेराचे पाकीट काढले आणि त्याच्या पाठीवर दोन गुणाकार केले. तुळईच्या आकारावरून तिच्या ताकदीचा एक आकडा कोष्टकात दिलेला असतो. ३५० च्या तुळईचा तो ७७९. त्याला २५० ने गुणले, १,९४,७५०. तीनशेच्या तुळईचा ५७४. त्याला ३५० ने गुणले, २,००,९००. म्हणजे ताकद सहा हजारांनी जास्तच! वर मीटरला ५२.४ किलोच्या जागी ४४.२ किलो लोखंड, तेवढी शाळेची बचत. मी म्हटले, "घाला." आणि अक्षता टाकायला धावलो.

पुढच्या जूनमध्ये दिवाणखान्याचे उद्घाटन झाले. भाषणे झाली, माझ्या गळ्यातही एक हार पडला. जुलैत बाईंचा फोन आला. "दादा, तास संपला की मुलं एकदम उठतात ना, तेव्हा वर जमीन थरथरते. आणि खालच्या वर्गाच्या छताचा गिलावा चिरला आहे." मी गेलो. वर उभा राहिलो आणि बाईंना म्हटले, मुलांना उठू दे. मुले उठली. कपाटांच्या काचा किणकिणल्या. पायांखालून एक लाट गेल्यासारखी वाटली. चाळीस वर्षे या धंद्यात घालवलेल्या माणसाला त्या लाटेचा अर्थ विचारावा लागत नाही. मी बाईंच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही.

मी ताकदीचा गुणाकार केला होता. वाक किती येईल याचा केलाच नव्हता. तो त्या रात्री केला. ३५० च्या तुळईला भरल्या भाराखाली मधोमध सुमारे १७ मिलिमीटर वाक आला असता. तीनशेच्या तुळईला येत होता २७. आणि सात मीटरच्या गाळ्याला आमचे मानक २३ च्या वर जाऊ देत नाही; खाली तडकणारा गिलावा असेल तर त्याहूनही कमी. हेही काँक्रीट आणि तुळई यांना एकजीव करणारे खिळे न धरता. ते तेव्हाच धरले असते तर कदाचित हा लेख लिहायची वेळ आली नसती.

इथे वाचक विचारतील, की जास्त कणखर पोलाद कमी वाकायला नको का? हाच तो प्रश्न, आणि भल्याभल्यांची विकेट इथेच जाते. पोलादाची प्रत वाढविली की ते हार कधी मानते ते बदलते. हार मानेपर्यंत किती वाकते ते बदलत नाही. लोखंडाचे अणू एकमेकांना धरून असतात ती पकड सगळ्या प्रतींत सारखीच. मँगॅनीज, नायोबियम, व्हॅनेडियम यांची चिमूटभर भर घालून आपण एवढेच करतो, की अणूंचे थर एकमेकांवरून घसरू लागण्याच्या वाटेत खडे टाकतो. घसरणे लांबते, पण घसरण्याआधीचे ताणणे मूळच्या पकडीवर अवलंबून, आणि ते २५० ला जेवढे तेवढेच ३५० ला, तेवढेच ६५० ला. ताठपणाचा हा आकडा साऱ्या प्रतींना एकच धरतात : चौरस मिलिमीटरला दोन लाख न्यूटन.

मग तुळई ताठ कशाने होते? उंचीने. तुमच्या अंगणात आत्ता आकाशकंदील टांगलेला असेल. त्याची कामटी उरली असेल तर हातात घ्या. आडवी धरून दाबा, लगेच वाकते. तीच उभ्या कडेवर धरून दाबा, वाकायचे नाव घेत नाही. बांबू तोच, बेटही तेच. फक्त उभी उंची बदलली. पन्नास मिलिमीटर उंची कमी केल्याने माझ्या तुळईचा ताठपणा शंभराचा त्रेसष्टावर आला होता, आणि साडेतीनशेच्या लोखंडाने त्यात एका दाण्याचीही भर घातली नव्हती.

गावात अर्थातच वेगळी कथा पसरली : इंजिनियरने कच्चे लोखंड घातले. शेवटी सगळ्यांच्या समक्ष वाळूची पोती मांडून पूर्ण भार चढविला, चोवीस तास ठेवला. तुळया वाकल्या, आणि पोती उतरवल्यावर परत आपल्या जागी आल्या. लोखंड हरले नव्हते. कच्चे लोखंड नव्हतेच. कच्चा होता तो पाकिटावरचा हिशेब. पण थरथरणाऱ्या जमिनीवर आपले मूल बसवायला आईबाप तयार होत नाहीत, आणि त्यांनी व्हावे तरी का? दिवाणखान्याला कुलूप लागले. पुस्तके पुन्हा मुख्याध्यापकांच्या खोलीत पेट्यांत गेली. अकरा महिने.

म्हणून त्या वाचकांना मी एका शब्दात उत्तर दिले नाही, चार पाने लिहिली. त्यांच्या घरात खोल्या लहान, गाळा साडेतीन-चार मीटरांचा. तेवढ्यात वाकाचा प्रश्न फारसा येत नाही. पण बैठकीची खोली त्यांना सहा मीटर हवी आहे, खांब नको आहे. तिथे ३५० घेऊन तुळई खुजी केली की बचत काही किलोंची आणि पश्चात्ताप जन्माचा.

याचा अर्थ चढ्या प्रतीचे पोलाद ही व्यापाऱ्यांनी काढलेली टूम आहे असे मात्र नव्हे. जिथे भाग निव्वळ ताणला जातो, उदाहरणार्थ मोठ्या कैचीचा खालचा पट्टा, तिथे ३५० ने शंभर किलोंच्या जागी बहात्तर किलोंत काम भागते. आणि लांब पुलांना तर दुसरी वाटच नसते, कारण तिथे पुलावरून जाणाऱ्या गाड्यांपेक्षा पुलाचे स्वतःचे ओझे मोठे असते. लोखंड वाचविले की ते वाचविलेले लोखंड उचलायला लागणारे लोखंडही वाचते. १९४३ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या हावडा पुलाला साडेसव्वीस हजार टन पोलाद लागले. त्यातले सुमारे तेवीस हजार टन टाटांच्या कारखान्यातून आले, आणि त्यासाठी 'टिस्क्रोम' नावाचे चढ्या ताकदीचे पोलाद मुद्दाम तयार झाले. महायुद्धाच्या दिवसांत विलायतेतून माल येणे अवघड असताना हे झाले, याचा मला आजही अभिमान वाटतो. पुलाचा मधला गाळा दीड हजार फुटांचा. साध्या पोलादात तो करता आला असता, पण किती बोजड झाला असता याची कल्पना करवत नाही.

उलट दाबाखालच्या लांब, सडपातळ खांबाला चढी प्रत उपयोगाची नसते. शाळेतली फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबा. ती चुरडत नाही, बाजूला कमान होऊन सुटते. पुन्हा तोच ताठपणा, आणि ताठपणा सगळ्यांचा एकच. कॅनडात क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर जगातला सर्वांत लांब गाळ्याचा पूल उभा राहत होता. २९ ऑगस्ट १९०७ रोजी त्याचा दाबाखालचा खालचा पट्टा असाच बाजूला सुटला आणि पूल काही क्षणांत नदीत गेला. पंचाहत्तर कामगार गेले. पुलाचे स्वतःचे वजन आधी धरले होते त्यापेक्षा बरेच जास्त भरले होते, आणि पट्ट्याचे तुकडे एकमेकांना धरून ठेवणाऱ्या जाळीच्या पट्ट्या अपुऱ्या होत्या. आदल्या काही दिवसांत तो पट्टा वाकल्याचे जागेवर दिसले होते, तारा-पत्रे चालू होती. वाकलेले लोखंड बोलत होते आणि माणसे हिशेबाचे कागद पाहत होती, असे ते प्रकरण वाचताना वाटते. मला ते वाचवत नाही. मी त्यातला नाही असे म्हणायची सोय मला राहिलेली नाही.

आकड्यानंतर मानकात एक अक्षर असते : ए, बीआर, बी०, सी. खरेदी करणारा ते बहुधा वाचतच नाही. हे अक्षर चिवटपणाचे. ठोकर बसल्यावर पोलाद काचेसारखे तडकते की सोसते, याची चाचणी 'ए'ला सक्तीची नाही, 'बीआर'ला नेहमीच्या हवेतली, 'बी०'ला शून्य अंशावरची आणि 'सी'ला उणे वीस अंशांवरची. जानेवारी १९४३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंड येथे 'स्केनेक्टडी' नावाचे नवेकोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात धक्क्याला बांधलेले असताना रात्री मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगले. त्याचे पोलाद ताकदीला कमी नव्हते. थंडीत ठिसूळ झाले होते आणि वेल्डिंगच्या एका दोषापासून तडा धावत सुटला. म्हणून जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब पुलाला, जो जून २०२५ मध्ये सुरू झाला, उणे दहा अंशांपासून चाळीस अंशांपर्यंतची हवा सोसेल असेच पोलाद निवडले गेले. त्या कामाची जबाबदारी आपल्या कोकण रेल्वेच्या मंडळींकडे होती. रत्नागिरीच्या घरमालकाला 'सी'चे काही कारण नाही; पण द्राक्षांचे शीतगृह बांधणाऱ्या नाशिककराचा सांगाडा थंड खोलीच्या आत उभा राहत असेल, तर त्याने अक्षर विचारून घ्यावे.

कोकणातल्या वाचकांसाठी एक जास्तीचे. खारी हवा प्रत पाहून गंजवत नाही. दहा मिलिमीटरच्या पत्र्यातला एक मिलिमीटर गेला तर दहावा हिस्सा गेला; चढ्या प्रतीचा म्हणून सातच मिलिमीटरचा घेतला असेल तर सातवा हिस्सा गेला. रंगाचा खर्च वाचत नाही, उलट रंग चुकवला तर शिक्षा लवकर होते.

घर बांधणाऱ्या बहुतेकांचा संबंध तुळईपेक्षा सळईशी येतो, म्हणून तेही सांगून टाकतो. सळईचे मानक निराळे. तिथे एफई ४१५, ५००, ५५० हे आकडे यील्डचेच आहेत. आकड्यापुढे 'डी' आहे का ते पाहा. एफई ५०० ला तुटण्यापूर्वी निदान बारा टक्के लांबावे लागते, एफई ५०० डी ला सोळा टक्के. भूकंपात घर वाचते ते लांबणाऱ्या सळईमुळे. न लांबता तुटणारी सळई कितीही कणखर असली तरी सूचना न देता जाते. १९९४ मध्ये लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. तिथल्या पोलादी इमारती पडल्या नाहीत, पण नंतर तपासताना तुळई-खांबांच्या जोडांत तडे सापडले. त्याची कारणे बरीच होती. त्यांतले एक असे, की पोलाद नावातल्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त कणखर निघाले होते, आणि न वाकणाऱ्या तुळईने सगळा भार जोडावर टाकला होता. पुढे तिकडच्या नव्या मानकाने यील्डला खालची मर्यादा घातली तशी वरचीही घातली. 'जास्त आहे ना, मग चांगलेच' हे म्हणणे फक्त बासुंदीला लागू पडते, आणि तेही मधुमेह नसेल तर.

आता खरेदीचे. कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक घाण्याला एक क्रमांक असतो, हीट नंबर म्हणतात त्याला, आणि त्या घाण्याचे एक चाचणीपत्र असते. त्यात यील्ड, तुटण्याचा आकडा, लांबण्याची टक्केवारी, कार्बन इक्विव्हॅलंट हे सगळे असते. दुकानदार त्याची झेरॉक्स हसतमुखाने देतो. ती घेऊन घरी जाऊ नका. गोदामात जा, तुळईवर रंगवलेला किंवा ठोकलेला क्रमांक वाचा, आणि तोच कागदावर आहे का पाहा. मी पाहिलेल्या कागदांत एकच चाचणीपत्र तीन निरनिराळ्या कामांच्या फायलींत, तीन निरनिराळ्या मापांच्या मालासाठी लावलेले आढळले आहे. मोडीतल्या लोखंडाच्या पट्ट्या तापवून पुन्हा लाटलेला माल स्वस्त पडतो, आणि कुंपणाला, खिडकीच्या गजाला तो चालतो. पण ज्याखाली माणूस झोपणार त्यासाठी ज्याचे कुळशील सांगता येते तेच लोखंड घ्यावे. मुलीसाठी स्थळ पाहताना आपण चौकशी करतोच की नाही? आणि जिथे मूळ नकाशातला आकार किंवा प्रत बदलायची असेल, तिथे ज्याने नकाशा केला त्याच्याकडून लेखी घ्यावे. फोनवर घेऊ नये. विशेषतः तो लग्नात असेल तर.

शाळेचे पुढे काय झाले, ते राहिलेच. तुळया काढून नव्या घालायच्या तर वरचे काँक्रीट फोडावे लागले असते. तेवढा पैसा शाळेकडे नव्हता आणि तेवढा माझ्याकडेही नव्हता. मग खालच्या दोन्ही वर्गांत मधोमध एकेक पोलादी खांब उभा केला आणि त्यांवरून एक तुळई नेली, म्हणजे वरच्या तुळयांचा गाळा सात मीटरांचा साडेतीन झाला. गाळा निम्मा झाला की वाक निम्मा होत नाही, त्याहून कितीतरी पटींनी कमी होतो. तो खर्च मी दिला. कंत्राटदाराने मजुरी घेतली नाही, मी सांगूनही. २०१५ च्या जूनमध्ये दिवाणखान्याचे कुलूप निघाले, आणि मुले तास संपल्यावर उठली तेव्हा काचा गप्प होत्या. या वेळी भाषणे ठेवू नका, असे मीच बाईंना कळवले होते.

खांब मात्र वर्गाच्या मधोमध आहे. त्याच्यामागच्या बाकावरून फळ्याचा एक उभा पट्टा दिसत नाही. बाईंनी त्यावर तोड काढली : त्या बाकावर आठवड्या-आठवड्याची पाळी. यंदा पावसाळ्यापूर्वी रंग पाहायला म्हणून गेलो होतो. सातवीचा वर्ग भरलेला. खांबामागच्या बाकावर एक काळासावळा, बारीक अंगाचा मुलगा बसला होता. मी खांबाच्या तळाशी गंज आहे का ते वाकून पाहत होतो, तर तो हळूच म्हणाला,

"आजोबा, हा खांब तुम्हीच घातलात ना?"

"हो," मी म्हटले.

"चांगला आहे," तो म्हणाला. "बाईंना इथून मी दिसत नाही."